बाहेर गोठतंय, आत उकळतंय

बाहेर पारा शून्याच्या खाली, काचेवर बर्फाचा थर, आणि डॅशबोर्डवर टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्याकडे सरकतोय, असं झालं की बहुतेक लोक पहिला संशय काट्यावरच घेतात. एवढ्या थंडीत इंजिन तापेलच कसं, सेन्सर गेला असणार, असं म्हणून गाडी तशीच दामटतात, मग हेड (सिलिंडरवरचं धातूचं झाकण) वाकतं, त्याखालचं गॅस्केट जातं, आणि जे काम एका क्लिपवर आणि कॅनभर कूलंटवर (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवावर) भागलं असतं ते इंजिन खोलण्यापर्यंत जातं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण थंडीत तापणारी गाडी हा नीट विचारपूस केली तर लवकर सापडणारा दोष आहे. उन्हाळ्यात गाडी तापली की संशय घ्यायला ढीगभर जागा असतात, फॅन, एसी, चढ, ट्रॅफिक, वरून ऊन. थंडीने त्यातल्या बऱ्याच आधीच बाद केलेल्या असतात.

मुळात इंजिनाच्या आत बाहेरच्या हवेला कोणी विचारत नाही. सिलिंडरमध्ये जळणाऱ्या गॅसचं तापमान क्षणभर का होईना २००० अंशांच्या वर जातं, मग बाहेर उणे १५ असो नाहीतर ४०. ढोबळ मानाने इंधनातल्या उष्णतेचा एक तृतीयांश भाग कामाला येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला बराचसा कूलंटला वाहून न्यावा लागतो. थंडीचा फायदा मिळतो तो रेडिएटरपाशी, म्हणजे गाडीच्या तोंडाशी कूलंट गार करणाऱ्या जाळीपाशी, आणि तोही कूलंट तिथवर पोचलं तरच. पोचलं तर मग एवढी गार हवा लागते की चालत्या गाडीत फॅन फिरायची गरजच पडत नाही. म्हणून थंडीत गाडी तापली की मी पहिल्यांदा विचार करतो की उष्णता अडकली कुठे. कूलंट कमी आहे, किंवा आहे पण फिरत नाहीये, किंवा फिरतंय पण वाटेत काहीतरी आडवं आलंय, आणि क्वचित जळलेला गॅस नको तिथे घुसतोय. जवळजवळ सगळं यातच येतं.

गेल्या हिवाळ्यात मावसबहिणीचा फोन आला, अगदी रडकुंडीला आली होती. "दादा, फॅन बदलला, थर्मोस्टॅट बदलला, तरी सकाळी ऑफिसला निघाले की काटा वर. आता म्हणतायत हेड खोलायला लागेल." मी विचारलं, हीटर कसा येतोय? "हीटर मस्त गरम येतोय, उलट जास्तच." आणि दुपारी परत येताना? "दुपारी काहीच होत नाही रे. गॅरेजमध्ये तर तासभर चालू ठेवली होती, काटा हललासुद्धा नाही."

हीटरचं मी आधी विचारलं त्याला कारण आहे. गाडीचा हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला एक छोटा रेडिएटर, इंजिनातलं गरम कूलंट त्यातून फिरतं आणि त्यावरून आलेली हवा आपल्या पायांवर येते. या सगळ्या यंत्रणेची नाडी बघायची जागा हीच, आणि ती ड्रायव्हरच्या हाताशी असते, बोनेटसुद्धा उघडावं लागत नाही. काटा चढतोय आणि हीटरमधून थंडगार हवा येतेय, म्हणजे कूलंट हीटरपर्यंत पोचतच नाहीये, एकतर ते कमी झालंय नाहीतर पंप ढकलत नाहीये. काटा चढतोय आणि हीटर कडक गरम, म्हणजे कूलंट आहे, पंपही चालतोय, फक्त रेडिएटरकडची वाट बंद आहे. तिची गाडी या दुसऱ्या प्रकारातली होती, आणि थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडची वाट उघड-बंद करणारी झडप, तर नवा होता.

मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते सकाळी होतं आणि गॅरेजमध्ये होत नाही, हे. गॅरेज बंदिस्त, आत गरम. गाडी तिथे नेऊन, रांगेत उभी करून, मेकॅनिकचा हात लागेपर्यंत जे काही अडकलं असेल ते वितळून गेलेलं असणार. मी त्या मेकॅनिकला दोष देत नाही, त्याच्यासमोर जी गाडी आली ती खरंच चांगली होती. पण थंडीतला दोष थंडीतच बघावा लागतो, आणि तोही गाडी सुरू करायच्या आधी. मी तिला सांगितलं, रात्री बाहेरच ठेव, सकाळी किल्लीला हात लावू नकोस, मी येतो.

सकाळी उणे १५ च्या आसपास होतं. बोनेट उघडलं, हातमोजा काढला आणि रेडिएटरच्या खालच्या बाजूने इंजिनाकडे जाणारा जाड पाइप मुठीत धरून दाबला. थंडीत रबर कडक होतंच, पण हे त्या कडकपणापेक्षा वेगळं होतं, आत काहीतरी चुरडत होतं, बोटांना करकर कळत होती आणि कान जवळ नेला तर बारीक आवाजही येत होता. वरचा पाइप दाबला, तिथेही तेच, थोडं कमी. कूलंटच्या बाटलीचं झाकण उघडलं (इंजिन रात्रभर थंड पडलेलं असतानाच हे करायचं, गरम असताना कधीच नाही), तर वर बर्फाचा भुगा तरंगत होता आणि ज्याचा रंग चांगला गुलाबी असायला हवा ते जेमतेम गुलाबीसर पाणी दिसत होतं.

कूलंट गोठतं म्हणजे त्याचा एकदम दगड होतो असं नाही. साधं पाणी शून्याला गोठतं आणि गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, त्यात इंजिनाचा ब्लॉकसुद्धा तडकतो. पण कूलंट म्हणजे पाणी आणि ते गोठू न देणारं ग्लायकॉल, आणि ग्लायकॉल कमी पडलेल्या मिश्रणात आधी नुसत्या पाण्याचे कण गोठतात, उरलेल्या पातळ भागात ग्लायकॉलचं प्रमाण वाढत जातं आणि तो पातळच राहतो, त्यामुळे तयार होतो तो चिखलासारखा बर्फ. इंजिन सुरू केलं की ब्लॉकमधला हा चिखल लवकर वितळतो, कूलंट हीटरमधून फिरायला लागतं, सगळं ठीक वाटतं. तोवर थर्मोस्टॅट बंद असल्यामुळे रेडिएटरकडे गरम थेंबही जात नाही आणि समोरून मात्र गोठवणारा वारा सुरू असतो. पुढे थर्मोस्टॅट उघडतो तेव्हा रेडिएटरच्या बारीक नळ्या चोंदलेल्या असतात. गरम कूलंट दारात येऊन थांबतं आणि काटा चढतो. गाडी रात्री उबदार पार्किंगमध्ये उभी असली तरी हे होऊ शकतं बरं का, निघताना सगळं पातळ आणि हायवेला लागल्यावर थोड्या वेळाने रेडिएटर गोठलेला. वाऱ्यामुळे रेडिएटर हवेपेक्षा गार होत नाही, पण हवेइतका गार फार लवकर होतो.

मग गाडी चालू न करता ढकलत आतल्या उबदार पार्किंगमध्ये नेली आणि दुपारपर्यंत तशीच ठेवली. मिश्रण मोजायची घाई केली नाही, त्यात एक बारकावा आहे जो मला फार आवडतो. बर्फाच्या भुग्यात उरलेला पातळ थेंब उचलून मोजला तर तो सांगणार की मी उणे १५ पर्यंत गोठत नाही, आणि ते खरंच आहे, कारण जे गोठण्यासारखं होतं ते त्यातून आधीच वेगळं झालंय. त्यामुळे सगळं वितळून, इंजिन थोडं चालवून, नीट मिसळून, परत गार झाल्यावर थेंब घ्यायचा. रिफ्रॅक्टोमीटर म्हणजे वीतभर लांबीची दुर्बिणीसारखी नळी, तिच्या काचेवर एक थेंब टाकायचा, वरची पट्टी बंद करायची आणि उजेडाकडे धरून बघायचं, निळा भाग जिथे संपतो आणि पांढरा सुरू होतो ती रेघ म्हणजे गोठणबिंदू. रेघ उणे ८ वर होती. तिथल्या थंडीला किमान उणे ३० तरी हवी होती.

अर्धं ग्लायकॉल आणि अर्धं पाणी घेतलं तर मिश्रण साधारण उणे ३७ पर्यंत टिकतं, आणि उकळतंही पाण्यापेक्षा उशिरा, वर झाकणाचा दाब असतो त्याने आणखी उशिरा. हे ऐकून काही जणांना वाटतं की मग नुसतं शुद्ध ग्लायकॉलच भरू. तसं केलं तर काम बिघडतं, कारण शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं, शिवाय पाण्याएवढी उष्णता ते वाहून नेत नाही. एकत्र असतात तेव्हाच दोघं एकमेकांना गोठू देत नाहीत. ग्लायकॉलच्या आधी लोक रेडिएटरमध्ये अल्कोहोल घालायचे. ते गोठायचं नाही, पण मिथेनॉल ६५ अंशांनाच उकळतं, त्यामुळे गाडी तापली की ते उडून जायचं, मागे उरायचं पाणी, आणि पुढच्या कडक रात्री तेच पाणी गोठायचं. ज्या औषधाने गोठणं टाळायचं तेच चढावर उडून जातंय, अशी ती पंचाईत होती. १९२७ मध्ये प्रेस्टोन नावाने इथिलीन ग्लायकॉल बाजारात आलं आणि ही कटकट हळूहळू संपली. म्हणजे हिवाळ्यात रेडिएटर गोठून इंजिन तापणं हा प्रकार गाड्यांच्या बालपणापासूनचा आहे, आणि आजही कोणी वर्षभर नुसतं पाणी ओतत राहिलं की तो तसाच्या तसा परत येतो.

थर्मोस्टॅटबद्दल बोलायलाच हवं, कारण थंडीत गाडी तापली की सगळ्यात आधी तोच बदलला जातो, आणि बऱ्याचदा योग्यच असतं ते. आत पितळेच्या डबीत मेण असतं. मेण वितळताना फुगतं, दांडा ढकलतं, झडप उघडते, गार झालं की स्प्रिंग परत बंद करते, ना वायर ना बॅटरी. १९३० च्या दशकातली ही कल्पना अजून बहुतेक गाड्यांत आहे, आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे. साधारण ८२ ते ९५ अंशांच्या मध्ये कुठेतरी तो उघडायला लागतो, नेमका आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. बंद अवस्थेत अडकला तर काटा भराभर चढतो आणि रेडिएटर गार राहतो. तपासायला तो काढून दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात टांगायचा, बाजूला थर्मामीटर, आणि पाणी तापवत बघत राहायचं. झडप आधी केसभर उघडते, मग डोळ्यांदेखत सरकत जाते. पाणी उकळलं तरी हलली नाही तर प्रश्न मिटला.

यात एक गुंतागुंत आहे ती पाइप हाताने चाचपणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. थर्मोस्टॅट वरच्या पाइपाच्या तोंडाशी असेल आणि बंद अडकला असेल तर वरचा पाइप इंजिनाच्या मानाने गारच राहतो. वरचा चटका देणारा आणि खालचा बर्फासारखा असेल तर थर्मोस्टॅट उघडतोय, रेडिएटर चोंदलाय. पण आता बऱ्याच गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाच्या बाजूला असतो, तिथे वरचा पाइप कसाही तापतो आणि नुसत्या हाताने या दोन्हींतला फरक कळत नाही. आपल्या गाडीत तो कुठे आहे हे माहीत नसताना काढलेला निष्कर्ष म्हणजे निव्वळ अंदाज. शिवाय कडाक्याच्या थंडीत चांगला थर्मोस्टॅटसुद्धा काटा थोडा खालीवर नाचवतो, कारण उघडल्याबरोबर रेडिएटरमधलं थंडगार कूलंट आत येतं, त्याने तो परत मिटतो, आत परत तापतं. मधल्या रेघेच्या आसपासचं हे हेलकावणं आजार नाही. काटा परत खाली आलाच नाही तर मात्र आजार आहे.

उरलेला प्रकार, हीटर गार आणि काटा वर, तिथे आधी लेव्हल बघायची. कूलंट कमी झालं की सिस्टीममध्ये हवा शिरते आणि ती वरच्या जागी जाऊन बसते, बऱ्याच गाड्यांत हीटरच वरच्या जागी असतो म्हणून पहिल्यांदा तोच गार पडतो. सेन्सर हवेच्या पोकळीत आला तर काटाही वेड्यासारखा उड्या मारतो. आणि कूलंट गेलं कुठे, तर थंडीत एक गळती अशी असते जी गरम इंजिनात कधीच सापडत नाही. रबर आणि धातू गारठ्याने सारखे आकसत नाहीत, त्यामुळे जुन्या पाइपाच्या क्लिपपाशी केसाएवढी फट पडते, पहाटे तिथून थेंब थेंब गळतं, आणि इंजिन तापलं की रबर फुगून फट बंद. बघणारा बघतो तेव्हा सगळं कोरडं. मागे राहते ती फक्त क्लिपभोवती सुकलेल्या कूलंटची रंगीत पापडी.

पंप क्वचित असतो, पण असतो. आतल्या पंख्याची पाती गंजून झिजलेली किंवा प्लॅस्टिकची असतील तर तुटलेली, बाहेरून पुली छान फिरतेय आणि आत काहीच ढकललं जात नाहीये. आणि गाडी सुरू करताक्षणी बेल्ट किंचाळला आणि जळक्या रबराचा वास आला तर तत्काळ बंद करायची, पंप बर्फात रुतलेला असू शकतो.

हेड गॅस्केटचं नाव मात्र हिवाळ्यात फार उथळपणे घेतलं जातं आणि मला ते अजिबात पटत नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय म्हणे. अहो, एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, थंड सायलेन्सरमधून ते पांढऱ्या वाफेच्या रूपात दिसणारच. इंजिन पूर्ण तापल्यावरही दाट पांढरा धूर आणि गोडसर वास येत राहिला तर बोला. ऑइलच्या झाकणाखाली मलईसारखं पिवळट काहीतरी दिसलं, लगेच गॅस्केट गेलं. तेही थंडीत छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या चांगल्या इंजिनात दिसतं, ऑइल पुरतं तापत नाही, ओल आतच राहते आणि झाकणापाशी जमते. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ झालं असेल तर गोष्ट वेगळी. खरी खूण म्हणजे थंड इंजिन सुरू केल्यावर, कूलंट तापायच्याही आधी, वरचा पाइप दगडासारखा ताठ होणं, आणि बाटलीत एकसारखे बुडबुडे येत राहणं. आणि खात्री करायला निळ्या द्रवाची टेस्ट असते, बाटलीच्या तोंडाशी नळी लावून वरची हवा त्या द्रवातून ओढायची, जळलेला गॅस असेल तर निळ्याचं पिवळं होतं. एवढी साधी टेस्ट केल्याशिवाय कोणी हेड खोलायला सांगत असेल तर थांबा आणि टेस्ट मागा. बहिणीच्या गाडीत निळं निळंच राहिलं.

समोर जाळीला लावलेला पुठ्ठा किंवा कव्हर, किंवा जाळीत घट्ट बसलेला बर्फ, हेही बघून घ्यायचं, मिनिटाचं काम आहे. आणि काट्यावर फार विसंबायचं नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो, आत ८० अंश असोत की १०५, तो हलतच नाही, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या जोडणीला, लावायचं साधं स्कॅनर खरा आकडा दाखवतं, आणि आकडा कुठल्या वेगाने चढतोय, कुठे अडतोय हे बघत गाडी चालवली की निम्मं निदान तिथेच होतं.

वाटेत काटा चढलाच तर हीटर आणि त्याचा फॅन फुल करायचा, तेवढी उष्णता तरी बाहेर पडते, आणि जमेल तितक्या लवकर बाजूला घेऊन इंजिन बंद. झाकण उघडायचं नाही, वरून गार पाणी ओतायचं नाही, तापलेलं लोखंड आणि अॅल्युमिनियम तो धक्का सहन करत नाहीत. गोठल्याचा संशय असेल तर परत परत चालू करून बर्फ वितळवायचा खटाटोप नको, उबेत न्या आणि थांबा.

बहिणीच्या गाडीत सगळं वितळल्यावर आम्ही आधी ब्लॉकच्या बाजूचे कोअर प्लग टॉर्च मारून बघितले. गोठताना ते कधीकधी बाहेर सरकतात, म्हणून लोकांना वाटतं ते त्यासाठीच दिलेत, खरं तर ती ब्लॉक ओतताना राहिलेली भोकं बुजवलेली असतात. सगळे जागेवर होते, आणि मला केवढं हायसं वाटलं. खालच्या पाइपाच्या क्लिपपाशी गुलाबी पापडी सापडली. म्हणजे आदल्या हिवाळ्यापासून थोडं थोडं गळत होतं आणि लेव्हल खाली दिसली की पाणी, परत पाणी, असं करत मिश्रण उणे ८ वर आलं होतं. पाइप आणि क्लिप बदलली, जुनं सगळं काढलं, आतून धुऊन गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या प्रकारचंच कूलंट डिमिनरलाइज्ड पाण्यात अर्धं-अर्धं करून भरलं. रंग बघून कूलंट घेऊ नका, एकाच रंगाची वेगवेगळी रसायनं असतात आणि चुकीची एकत्र झाली तर आत लगदा होऊ शकतो. काढलेलं जुनं कूलंट मी डब्यात बंद करून टाकायला नेलं, ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी, कुत्र्या-मांजरांनी सांडलेलं चाटलं तर जीव जातो, त्यामुळे ते गटारात किंवा जमिनीवर सोडायचं नाही.

मग हीटर फुल ठेवून, एअर स्क्रू उघडून, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. संध्याकाळी दोघं हायवेला लांबवर जाऊन आलो, स्कॅनरवर आकडा ८८ ते ९२ च्या मध्येच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करायच्या आधी तिने लेव्हल बघितली, बोटभर खाली गेली होती, आत राहिलेली हवा निघाली की तेवढी जातेच. तिच्याकडे तयार मिश्रणाची बाटली ठेवून आलो होतो, तिने त्यातलंच ओतलं आणि ऑफिसला निघाली.